मातीचे बैल: पोरं ‘छान आहे’च्या पुढे बोलतच नाहीत

खडू_फळा
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात चित्रकला शिकवतो. मूळचा सांगोल्याकडचा. इकडे येऊन अकरा वर्षं झाली, तरी पोरं अजून माझ्या ‘नाय’ला हसतात. आठवी-नववीचे मिळून ३४ जण मूर्तिकामाला बसतात. मूर्तिकाम म्हणजे काय, आठवड्याला दोन तास, व्हरांड्यात गोणपाट अंथरून चिखल. ग्रेड परीक्षेत याचा पेपर नाही. तिथं स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. त्यामुळे “याचे मार्क भेटतात का सर?” हा प्रश्न दरवर्षी येतो आणि मी दरवर्षी विषय बदलतो.

यंदा पोळ्याच्या तीन आठवडे आधी विषय दिला, बैल. वीतभर उंच. झाले की सगळे ओळीनं मांडायचे आणि प्रत्येकानं तिघांच्या बैलाबद्दल चिठ्ठी लिहायची. १०२ चिठ्ठ्या घरी नेल्या, जेवण झाल्यावर वाचायला बसलो. ‘छान आहे.’ ‘मस्त.’ ‘एक नंबर.’ ‘खूप सुंदर बैल, असाच पुढे जा’ (बैल की मित्र, कळलं नाही). कामाच्या निघाल्या चार:

“याचा बैल कुठं जाऊन राहिला?”
“मागून पाहिला तर गाय वाटते.”
“हा पटाचा हाये का वखराचा?” (पट म्हणजे बैलांची शर्यत, वखर म्हणजे शेतीकाम)
“सरांनी फळ्यावर काढलेला बैल आपल्याकडचा नाही.”

चौथी वाचून झोप उडाली. दुसऱ्या दिवशी विचारलं कोणी लिहिलंय. एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, आपल्या इकडं गवळाऊ. तोंड लांबट, कपाळ सपाट, शिंगं आखूड. तुम्ही काढली तशी लांब, मागं गेलेली शिंगं आमच्या गावात कोणाच्याच बैलाले नाहीत.” खरंच. मी फळ्यावर माझ्या गावचा खिल्लार काढला होता. मग ओळीकडे पाहिलं. ३४ पैकी जवळजवळ सगळ्यांनी माझ्या फळ्यावरची शिंगं लावलेली. निम्म्यांच्या घरी बैल बांधलेला, आणि पाहिला कोणीच नाही. सगळ्यांनी फळा पाहिला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला हुरूप आला. पुढच्या तासाला जाहीर केलं की ‘छान’ आणि ‘मस्त’ या शब्दांना बंदी, काय चुकलंय ते सांगा. पोरांना तेच पाहिजे होतं. एकाचा बैल जाड पायांचा होता. मागच्या तासाला दोनदा कोसळला म्हणून त्यानं पाय जाड केले होते, मी स्वतः पाहिलं होतं. कोणीतरी म्हणालं, “हे डुक्कर हाये.” वर्ग खदखदला. त्या पोरानं एक शब्द काढला नाही. बैलावर बुक्की मारली, गोळा उचलला, मातीच्या बादलीत टाकला, हात धुतले. त्यानंतर दोन दिवस शाळेत आला नाही.

तर विचारायचं असं की हे नीट कसं करतात? तुमच्यापैकी कोणी शिकवतं, कोणी मूर्तीचं काम करतं. ‘छान’ आणि ‘डुक्कर’ यांच्या मधलं बोलणं पोरांना शिकवायचं कसं?

डवरा
‘असाच पुढे जा’ वाचून चहा सांडला.
डुक्कर म्हणणाऱ्या पोट्ट्याचा स्वतःचा बैल कसा होता, ते सांगा आधी.

खडू_फळा
@डवरा, त्याचा तर मांडायच्या आधीच आडवा झाला होता.

डवरा
तरीच.

चितारओळ
सर, आमचं घर तीन पिढ्या गणपतीचं. नावावरून गल्ली कळलीच असेल, नागपूरची मूर्तिकारांची. नंतर कॉलेजात शिल्पकला शिकलो, म्हणजे दोन्हीकडचं ऐकून घेतलंय.

घरी शब्दांत कोणी काही सांगायचंच नाही. मी मूर्ती केली की काका यायचे, पाट धरून मूर्ती अर्धी फिरवायचे आणि निघून जायचे. बस. मी समोरून घासत बसलेलो असायचो आणि बाजूनं पाहिलं तर गणपतीची पाठ भिंतीसारखी सपाट. दुसरं म्हणजे बल्ब. ट्यूबलाइट वरून सगळीकडे सारखी पडते, त्यात काही दिसत नाही. काका साठचा बल्ब जमिनीवर ठेवायचे, एका बाजूला. तिरप्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची आणि फुगवट्याची सावली पडते. गाल कुठं बसलाय, खांदा कुठं जास्त आलाय, मूर्ती स्वतःच सांगते. मग बोलायला फार उरत नाही. व्हरांड्यात बल्ब नसेल तर सकाळचं ऊन वापरा, आठ-साडेआठचं.

कॉलेजात याच्या उलट. सगळे गोल उभे, मधे तुमचं काम आणि बोलणारे बोलतायत. पहिल्या वर्षी मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडलोय. पण तिथल्या एका सरांची एक सवय मी अजून पाळतो. ते आधी करणाऱ्याला विचारायचे, “तू कुठं अडलास?” त्यानं सांगितलं की बाकीच्यांनी तेवढ्यावरच बोलायचं. तुमच्या त्या पोराला हे विचारलं असतं तर तो म्हणाला असता, “पाय टिकेनात.” मग वर्ग पायांवर बोलला असता, डुकरावर नाही.

आणि तुमची खरी चूक मला वेगळीच वाटते. रागावू नका. तुम्ही झालेल्या बैलांवर बोलायला लावलं. माती कोरडी पडली की त्यावर कितीही शहाणपणानं बोला, करणाऱ्याच्या हातात काही नसतं. त्याला फक्त ऐकून घ्यायचं असतं. ओल्या मातीवर बोला. अर्धा बैल झाला की काम थांबवा, दहा मिनिटं फिरा, बोला आणि परत बसा. पोराला ‘इथं जड झालाय’ असं कळलं आणि त्यानं लगेच अंगठ्यानं माती काढली, तर ते बोलणं. बाकी सगळी चिरफाड.

आता जाड पायांविषयी. मातीचा चौपायी प्राणी उभा करणं हे फार अवघड काम आहे, पोरांना कोणी सांगत नाही. ओली माती स्वतःचंच वजन पेलत नाही. देवळातला नंदी बसलेलाच का असतो याला धार्मिक कारण असेलच, पण पाथरवटालाही विचारून पाहा, चार बारीक पायांवर एवढा दगड तो उभा करेल का. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी आठवा. पाय कसे असतात? खांब! त्याला कोणी डुक्कर म्हणत नाही. उलट आजोबा उचलून आणतात आणि पोरगं चाकावर ओढत घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतं. तुमच्या पोरानं जे केलं ते मूर्तिकाराचं डोकं आहे. माल बघून आकार बदलला त्यानं.

मनसरला सापडलेला वाकाटक काळातला शिव, जो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याचा फोटो दाखवा वर्गात. पाचव्या शतकातलं काम. बुटका, गुबगुबीत, पोट सुटलेलं, आणि काय ऐट! रामटेकच्या बाजूचाच आहे, आपल्याच भागातला. पोरांना विचारा याच्यात काय चुकलंय.

ज्वारीचं_कणीस
माझी मुलगी नववीत आहे, दुसऱ्या शाळेत, पण तिथंही हेच चालू आहे. मला एवढंच सांगायचं आहे की काळ्या मातीचा डाग पांढऱ्या शर्टावरून जात नाही. सरांनी जुना शर्ट आणायला सांगावा.
बाकी चांगलं आहे. परवा ती गोठ्यात बैलाच्या खांद्यावर हात फिरवत बराच वेळ उभी होती. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे, “आई, हाडं कुठं हायेत ते पाहून राहिली.”

तिफण
३१ वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालो. वर चितारओळ यांनी चांगलं लिहिलं आहे, पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. पोरांनी पोरांना अभिप्राय द्यायचा म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची. आधी प्रमाण शिकवा. बैलाचं डोकं शरीराच्या मानानं केवढं, पोट जमिनीपासून किती वर, वशिंड पुढच्या पायाच्या बरोबर वर येतं की मागं. हे माहीत नसताना चौदा वर्षांचं पोर काय सांगणार? ‘छान’ म्हणणार, नाहीतर ‘डुक्कर’ म्हणणार. तुमच्या वर्गात तेच झालं. तो पोरांचा दोष नाही.

उपाय सोपा आहे. सुतळी द्या आणि गोठ्यात पाठवा. खुरापासून वशिंडापर्यंत एक गाठ, छातीपासून शेपटीच्या मुळापर्यंत दुसरी, पोटाची जाडी तिसरी. सुतळी वर्गात आणून शेजारी शेजारी टांगा. मग मतं आपोआप कमी होतील.

चितारओळ
@तिफण सर, सुतळी मान्य, शंभर टक्के. पण ‘आपल्याकडचा बैल असा नसतो’ हे कोणी सांगितलं? पोरीनंच. सरांना माहीत नव्हतं.

तिफण
तिला माहीत होतं कारण तिनं बैल पाहिला होता. मी तेच म्हणतो आहे.

डवरा
दोघं एकच बोलून राहिले बाप्पा आणि भांडून राहिले.

माहीपण एक गोष्ट सांगतो. सहावीत असताना मी मातीचा गणपती केला होता. सोंड जरा वाकडी होती, पण मले आवडली होती. आमच्या मास्तरांनी येऊन ती उपटली आणि दोन मिनिटात स्वतःच्या हातानं नवीन लावली. एकदम सरळ, देखणी. त्या गणपतीले तालुक्याचा पहिला नंबर भेटला. स्टेजवर जाऊन मी बक्षीस घेतलं, टाळ्या झाल्या. घरी आल्यावर मायनं इचारलं, “तूच केला का?” मी काही बोललोच नाही. त्यानंतर मातीले हात लावला नाही मी. आता वय ४३ हाये. मास्तर माणूस चांगला होता, वाईट म्हणायचं नाही त्याले. पण सर, पोराच्या कामाले हात लावू नका.

खडू_फळा
@डवरा, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मी लावतो हात. ‘जरा इकडे दे’ म्हणून लावतोच.

चितारओळ
बाजूला आपला एक वेगळा गोळा ठेवायचा. दाखवायचं असेल ते त्याच्यावर दाखवायचं आणि मोडून टाकायचं.

आवा
मी कुंभार. सर, तुमच्या सगळ्याईचं बोलणं ऐकलं, पण माती कोणती घेतली ते कोणीच इचारलं नाही. वावरातली काळी घेतली असन तर बैल कोसळणारच, आणि वाळताना तडकणारच. त्यात पोट्ट्यायचा काय दोष?

काळी माती पाणी पेली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात भेगा पडतात, हात आत जाते, पाहिलंच असन. तेच तुमच्या बैलाच्या पोटात होते. एकटी काळी घेऊ नका. आम्ही तळ्याच्या बुडाची गाळाची माती घेतो, तिच्यात बारीक रेती, चाळलेली राख आणि घोड्याची लीद टाकतो. लीद नसन तर धानाचं तूस बारीक करून. त्यानं माती एकमेकीले धरते आणि तडकत नाही. तीन-चार दिवस भिजत ठेवा, खडे येचा, मंग पायानं मळा. पोट्ट्यायले मळायले लावा, त्यायले मजा येते. आत हवा राहू देऊ नका.

पायायचं सांगतो. पाय, शिंगं, कान हे बारीक म्हून आधी वाळतात. पोट जाड म्हून मागं राहते. पाय आकसून गेले आणि पोट अजून ओलंच, मंग जोडावर चीर जाते. म्हून ओलं फडकं पोटाले नाही, पायाले आणि शिंगाले गुंडाळा. सगळं एका चालीनं वाळलं पाह्यजे. जोड लावताना दोन्हीकडून काडीनं ओरखडे पाडा, मधी मातीची रबडी लावा आणि दाबा. नुसतं चिकटवलं तर निघतेच. आणि पोट खालून कोरून पोकळ करा, बोटभर जाडी ठेवा. भाजाची असन तर हे लागतेच. मधी ओल राह्यली की आव्यात, म्हंजे भट्टीत, फटाका फुटल्यासारखा फुटते आणि बाजूचे दोन घेऊन जाते.

पोळ्याआधी भाजाचं मनात आणू नका. पावसाळ्यात आवा लागत नाही. पोळ्याले कच्चाच बैल पुजतात, त्याले काही होत नाही. दसऱ्यानंतर या माह्याकडे.

तिफण
@आवा, माझ्या ३१ वर्षांत मला हे कोणी एवढं नीट सांगितलं नाही. धन्यवाद.

वैनगंगाकाठ
मी चामोर्शीकडे शिकवते. पोरांचं तोंड उघडायचा माझा मार्ग वेगळा आहे. आधी अशा मूर्तीवर बोलायला लावायचं जिचा करणारा तिथं ऐकायला नाही. आम्हाला मार्कंड्याची जुनी कोरीव देवळं जवळ, म्हणून तिथं नेते. सकाळी लवकर नेते, दुपारी गेलं की ऊन डोक्यावर आणि दगड सपाट दिसतो. पोरांना सांगायचं, एक मूर्ती निवडा आणि बाईंना पटवा की हिच्यात काय जमलंय आणि काय नाही. हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला वाईट वाटायचा प्रश्न नाही, म्हणून पोरं मोकळी बोलतात. एकानं सांगितलं, “बाई, हिनं कमरेवर हात ठेवला तो खरा ठेवलाय, पण उभी राहिली ती खोटी.” मी चार वेळा ती मूर्ती पाहिली असेन, मला दिसलं नव्हतं. सगळा भार एका पायावर, आणि कमर मात्र सरळ.

तुम्हाला मार्कंडा लांब पडेल, पण गावात महादेवाचं देऊळ असेलच. तिथल्या नंदीपासून सुरू करा. एक तास तिथं घालवला की वर्गातल्या चिठ्ठ्या बदलतील. माझ्या तरी बदलल्या.

खडू_फळा
पंधरा दिवसांनी लिहितोय. पोळा झाला. काय काय झालं ते सांगतो. सगळं गोड नाही.

नंदीपासून सुरुवात केली. गावातल्या नंदीला तेल लावून लावून इतका गुळगुळीत केलाय की नाकडोळे गेलेत. तरी बसण्याची ढब शाबूत. पोरं अर्धा तास बोलली. मग सुतळी. आता गंमत पाहा, शाळेजवळ गवळाऊची चांगली जोडी एकाच घरी, आणि ते घर त्या जाड पायांच्या बैलवाल्या पोराचं. मी मुद्दाम केलं नाही, दुसरी जोडी जवळ नव्हतीच. तो दारात उभा. ३३ जण गोठ्याबाहेर, आणि हा बैलाची वेसण धरून. “मांगून जाऊ नका, लाथ मारते.” ज्यानं डुक्कर म्हटलं होतं त्याच्या हातात सुतळी होती. ह्यानं त्याला गाठ कुठं मारायची ते दाखवलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. मी पण मागायला लावली नाही.

सुतळीतून निघालेली गोष्ट अशी की बैलाच्या पोटाची जाडी आणि पोटाखालची मोकळी जागा जवळपास सारखी भरली. आमचे सगळे बैल पोट मोठं, पाय आखूड असे झाले होते. तिफण सरांना शंभर मार्क.

मग ओल्या मातीवर थांबून बोलायचा तास. ‘छान’वरची बंदी उठवली. एकच अट ठेवली की बोट ठेवून बोलायचं, काय छान ते दाखवायचं. “वशिंड छान.” “हे कान छान, दुसरा कान झोपला.” “याचा बैल मान खाली घालून राहिला, काऊन?” करणाऱ्यानं उत्तर दिलं, “पाणी पिऊन राहिला.” “मंग पुढचे पाय थोडे फाकव ना, माहा बैल पिताना फाकवते.” आणि त्यानं तिथंच पाय फाकवले. माझं त्यात काही नव्हतं. मी बादली भरत होतो.

तो पोरगा. त्याचा दुसरा बैल पण जाड पायांचाच. शिवाय चारही पायांच्या मधे त्यानं मातीची भिंत ठेवली होती, पोटाला टेकू म्हणून. ती शिंगांवाली मुलगी म्हणाली, “एवढं करण्यापेक्षा बसवून टाक त्याले.” सल्ला चांगला होता, मीही तोच दिला असता. तो म्हणाला, “नाही. माहा उभाच आहे.” आणि तसाच ठेवला. पोळ्याला तो त्याच्या घरच्या पाटावर होता, गेरू लावून, कागदाची मठाटी (बैलाच्या डोक्यावरची सजावट) बांधून. खांद्यावर चीर गेली होती, वरून हळद भरली होती. खांदेमळणीची (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला चोळतात ती) हळद होती की चीर लपवायला, विचारलं नाही.

माझा स्वतःचा गोळा पण बाजूला ठेवतो आता. तरी परवा एकाच्या शेपटीला हात गेलाच. त्यानं माझा हात धरला.

डवरा
लय भारी पोट्टा.

तिफण
भिंत भाजण्याआधी काढायला सांगा. सगळीकडे सारखी जाडी नसली तर फुटेल.

आवा
काढू नका सर. अर्ध्यातून खाली तिले दोन भोकं पाडा आणि पोट कोरा, टिकते. आमच्या आज्याचे हत्ती तसेच होते.
दसऱ्यानंतरच्या रविवारी आणा. नग किती?

खडू_फळा
३४ होते, सहा तडकले. ते सहा जण पण आणायचंच म्हणतायत. तर ३४ धरा. गोवऱ्या आणि तूस आम्ही आणू?

आवा
तूस हाये माह्याकडे. गोवऱ्या कमी पडतीन.

डवरा
गोवऱ्या माह्या घरून घेऊन जा. तीन पोते. आणि सर, एक गोळा जास्तीचा मळून ठेवा, मी पण येतो.